बंबखान्याचं दार आणि मार्लिसची सून

फोन वाजला तेव्हा पेरालांची मार्लिस डाव्या हाताने अंडं फोडायला शिकत होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सारं आयुष्य बर्फात काढलेली ही बाई गेल्या आठवड्यात पत्रपेटीपर्यंत गेली, तीही पायात घरातल्या सपाता घालून, आणि अंगणातच धाडकन आपटली. गावाला ही गोष्ट तिने "शिडीवरून पडले" अशी सांगितली होती. शिडीवरून पडण्यात निदान इभ्रत राहते.

तिने खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरला.

"मार्लिस, ड्वेन बोलतोय. दार गेलं."

"कुणाचं?"

"आमचं. बंबखान्याचं. डावीकडची केबल तुटली. दार तिरकं होऊन रुळात अडकलंय आणि आगीचा बंब आत आहे."

"बटण दाबत बसला असाल."

पलीकडे ड्वेन खोकला.

"ड्वेन, किती वेळा दाबलंत?"

"मी नाही, रूडीने दाबलं."

"मी एकदाच दाबलं!" मागून रूडीचा आवाज आला. "नंतर तूच म्हणालास, सरक, तुला येत नाही, आणि मग तू दाबलंस!"

मार्लिसने डोळे मिटून घेतले. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटात, असल्या थंडीत मोटरने वर सरकणाऱ्या दाराची खालची रबरी पट्टी जमिनीला घट्ट चिकटून गोठते. अशा वेळी बटण दाबणं म्हणजे झाडाला बांधलेल्या घोड्याला चाबूक मारणं. मोटर ओढत राहते, दार हलत नाही, आणि मधल्या मध्ये दार पेलणारी केबल मरते. लुओमा गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तरीही दर हिवाळ्यात कुणी ना कुणी बटण दाबायचंच, कारण प्रत्येकाला वाटायचं की आपलं दार निराळं आहे.

"तू येतेस ना?" ड्वेनने विचारलं.

"येते. काम डेलिया करेल."

ड्वेन पुन्हा खोकला, या वेळी जरा जास्तच.

"तसं नाही गं," ड्वेन म्हणाला, "पोरगी चांगली आहे. घरांची दारं करते, कुणी नाही म्हणत नाही. पण हे बंबाचं दार आहे. दुप्पट वजन, दुप्पट स्प्रिंगा. ड्युलुथ शहरातल्या कंपनीला विचारलं मी. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले."

"बरं. मग गावाला सांग, सोमवारपर्यंत कुणी पेटू नका."

"शेजारच्या गावचे हॅडलीवाले सांभाळतायत की, त्यांचा बंब आहे."

"हॅडलीवाल्यांची आज दुपारी मासेमारीची स्पर्धा आहे. सगळा बंबखाना गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून बसलेला असेल. त्यांना फोन लावून बघ. मासा गळाला लागलेला असेल तर उचलणारसुद्धा नाहीत."

ड्वेनने उसासा सोडला. "या," तो म्हणाला. "लवकर या."

फोन ठेवला आणि मार्लिस त्या एका हाताने फोडलेल्या अंड्याकडे बघत उभी राहिली. त्यात टरफलाचे तुकडे तरंगत होते. डॉक्टरांनी तिला काल जे सांगितलं होतं ते तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला, कर्टला नाही. डेलियालाही नाही. प्लास्टर निघेल, हात चालेल, कप धरेल, गाडी चालवेल; पण दाराचं वजन पेलणारी स्प्रिंग पिळायची पोलादी कांब आता या मनगटाने धरायची नाही. ती सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. म्हणजे यापुढे व्हॅनवरचं 'पेराला डोअर्स' हे नाव राहिलं तर डेलियाच्या जिवावरच राहणार होतं. आणि गावाची रीत साधी होती: बंबखान्याचं दार ज्याच्या हाती, गावाची दारं त्याच्या हाती. आज तिथे ड्युलुथचा माणूस शिरला असता तर उद्या तो घराघरांत शिरला असता.

ती जिन्याखालून ओरडली, "डेलिया! बंबखाना!"

वरून डेलिया खाली आली ती दोन जोड मोजे चढवतच. बाई टेक्सासच्या पार दक्षिण टोकाची. तेलाच्या विहिरींवर कामाला गेलेल्या कर्टने तिथे लग्न केलं आणि तिला थेट या बर्फात आणून सोडलं. पहिल्या हिवाळ्यात ती हीटरला इतकी चिकटून बसायची की नवऱ्यापेक्षा हीटरशीच तिचं जास्त पटायचं. सासूबरोबर कामावर जायला लागली त्याचं कारणही तिने कधी लपवलं नाही: घरापेक्षा व्हॅन जास्त गरम होती. तेव्हापासून बरेच हिवाळे गेले होते. गावाच्या लेखी ती अजून "टेक्सासवाली"च होती.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मार्लिस, एक अट आहे."

"बोल."

"तुम्ही यायचं. पण खुर्चीवर बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"मी कशाला बोलतेय?"

"गेल्या बुधवारी चर्चमध्ये एक बाई साधा बल्ब लावत होत्या, तर त्यांना तुम्ही बल्ब कसा लावायचा ते सांगितलंत."

"उलटा फिरवत होत्या!"

"मार्लिस."

"बरं बाई, बरं. कुलूप." मार्लिसने डाव्या हाताने ओठांवर किल्ली फिरवली आणि ती किल्ली खिशात टाकली.

व्हॅन डेलियाने चालवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या आणि पलीकडे जुन्या लोखंडाच्या खाणीचे तांबूस डोंगर. ही खाण बंद पडली तेव्हा अर्धं गाव सामान बांधून निघून गेलं होतं. मार्लिसचा नवरा आर्ने घरी बसला, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करून मार्लिस एकटी किती पुरी पडणार? त्याच सुमारास तिच्या गॅरेजचं दार बिघडलं आणि म्हातारा व्हेइको साल्मी ते दुरुस्त करायला आला. गावातला एकुलता एक दारवाला. माणूस इतका अबोल की त्याची बायको म्हणायची, हा लग्नात 'हो' म्हणाला तेच शेवटचं. मार्लिस शेजारी उभी राहून काम बघत होती. केबली चढवून झाल्यावर म्हाताऱ्याने बोटाने दोन्ही टिचकावल्या आणि तो हत्यारं आवरायला लागला. मार्लिस म्हणाली, "डावी खाली बोलते."

"काय?"

"डावी केबल. उजवीपेक्षा सूर खाली आहे."

चर्चच्या गाण्यात ती खालचा सूर धरायची. तिच्या कानाला ते लगेच कळलं होतं. व्हेइकोने पुन्हा टिचकावल्या. कान लावून ऐकलं. डावी केबल अर्ध्या बोटाने ताणली, पुन्हा टिचकावली, आणि मग तिच्याकडे असं बघितलं जसं कुणी रस्त्यात सापडलेल्या नाण्याकडे बघतं. पुढच्या सोमवारपासून ती त्याची शिडी धरायला जायला लागली. पुढे तो गेला, त्याची हत्यारं हिच्याकडे आली, आणि गावातल्या पुरुषांनी "बाईमाणूस स्प्रिंगा पिळणार?" असं म्हणता म्हणता एकेक करून आपापली दारं तिच्या स्वाधीन केली. बंबखान्याने मात्र सगळ्यात शेवटी केली.

बंबखान्यात पोचल्या तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाचसहा जण कॉफी पीत बसले होते. कामाला हात लावायला कुणीही नाही, बघायला सगळे. ड्वेन बंबखान्याचा प्रमुख आणि एरवी पेट्रोल पंपाचा मालक. रूडी झुपानचिच खाणीतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, तोंड त्याहून सुटलेलं. दार उजव्या बाजूने गुडघ्याइतकं वर गेलं होतं आणि डावा कोपरा जमिनीला टेकून बसला होता, रुसलेल्या पोराने एक खांदा उडवावा तसं. त्या फटीतून थंड वारं सरळ आत येत होतं.

"आली टेक्सासवाली!" रूडी ओरडला. "आत बस गं पोरी, बाहेर गोठशील."

"आत आणि बाहेर एकच झालंय, रूडी," डेलिया म्हणाली. "तुमच्या एका बोटाने."

टेबलावरचे सगळे हसले. रूडीही हसला. मार्लिसला कुणीतरी खुर्ची दिली, हातात कॉफी दिली, पुढ्यात रूडीच्या बायकोने केलेल्या, अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड वळ्यांची ताटली सरकवली. तिने लगेच एक तुकडा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं म्हणजे अट पाळणं सोपं जाईल, असा तिचा हिशेब होता.

डेलियाने आधी दाराला हातच लावला नाही. ती खाली बसली आणि तुटलेल्या केबलचं टोक तिने उजेडात धरलं. तारांचा पीळ उसवून झाडूसारखा झाला होता. वरची केबल चकचकीत, नवी वाटावी अशी. शेवटची वीतभर मात्र तपकिरी, फुगलेली, बोटाने दाबली तर भुगा पडणारी.

"मीठ," ती म्हणाली.

दाराशेजारी मिठाची बादली होती आणि बादलीत प्लास्टिकचा मग. लुओमाच्या बंबखान्यात कुणीही आत शिरलं की वाटेत मगभर मीठ दाराच्या उंबऱ्यावर टाकायचं, अशी पद्धत होती. बंबाचं दार गोठायला नको म्हणून. देवळात शिरताना घंटेला हात जावा तसा सगळ्यांचा हात बादलीकडे जायचा. गोठू नये म्हणून टाकलेल्या त्याच मिठाने केबलचं खालचं टोक हिवाळ्या-हिवाळ्याने खाऊन टाकलं होतं. इतकं होऊनही दार आज गोठलं ते गोठलंच, कारण काल रात्री शेवटी कोण बाहेर पडलं आणि त्याने मीठ टाकलं की नाही, यावरून आता टेबलावर भांडण पेटलं होतं.

"भांडा," डेलिया म्हणाली. "मी तोवर काम करते."

तिने मोटरची साखळी सोडवली, दोन्ही रुळांवर दाराच्या चाकांखाली पकडी आवळल्या, दार जागच्या जागी जखडलं, आणि मग शिडी लावून दोन लांब पोलादी कांबी घेऊन ती वर चढली. दाराच्या डोक्यावरच्या दांड्यात दोन जाडजूड स्प्रिंगा अजून पिळलेल्या होत्या. केबल तुटली तरी स्प्रिंगेचा राग उतरत नसतो. तिच्या पोटात सबंध दाराचं वजन दडून बसलेलं असतं, आणि ते चौथाई वेढ्याने, एक कांब आत, दुसरी बाहेर, असं हळूहळू काढून घ्यावं लागतं.

टेबलावरचं भांडण आपोआप थांबलं.

डेलिया स्प्रिंगेच्या समोर नाही, बाजूला उभी राहिली. कांब भोकात घातली, तळाला टेकल्याचा 'टक' ऐकला, भार घेतला, स्क्रू सैल केला. कांब तिच्या हातात क्षणभर थरथरली आणि स्थिर झाली. मार्लिसचं प्लास्टरमधलं मनगट आपोआप वळलं. कळ डोक्यात गेली. तोंडातली वळी गिळायची राहून गेली.

"पाय मागे घे," ती पुटपुटली.

"ऐकू आलं," वरून डेलिया म्हणाली. पाय मात्र तिने आधीच मागे घेतला होता.

दोन्ही स्प्रिंगा मोकळ्या झाल्या. मग तिने बंबवाल्यांना उठवलं. "आता तुमचं काम. गाडी उचलायचा जॅक डाव्या कोपऱ्याला, दोघं उजवीकडे. मी म्हणेन तेव्हाच. रूडी, तुम्ही बटणापासून लांब उभे राहा." दार कण्हत सरळ झालं आणि जमिनीला टेकलं. वारं थांबलं. पुरुषांच्या चेहऱ्यावर आता निम्मं काम आपणच केल्याचा भाव आला.

पुढचं काम सोपं होतं. दोन्ही केबली नव्या. तुटली डावीकडची, पण बदलायच्या दोन्ही. एक नवी आणि एक जुनी म्हणजे दार आयुष्यभर लंगडणार. डेलियाने जुन्या उतरवल्या आणि डाव्या कोपऱ्यातल्या लोखंडी पट्टीपाशी आली. दाराच्या खालच्या कोपऱ्याला ही पट्टी बसवलेली असते आणि तिच्या खुंटीत केबलचा फास अडकतो. सबंध दार शेवटी त्या खुंटीवर लोंबतं. डेलियाने पेचकसाने पट्टी खरवडली. गंजाचे पापुद्रे निघाले. आणखी खरवडली, आणखी निघाले.

ती उठून उभी राहिली.

"ही बदलायला हवी. दोन्ही बाजूंच्या."

"तर बदल की," ड्वेन म्हणाला.

"व्हॅनमध्ये आहेत त्या घरगुती दारांच्या. या वजनाला चालणार नाहीत. जाड पट्ट्या घरी शेडमध्ये आहेत."

ड्वेनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पोरी, दुपार होत आली. हॅडलीवाले तळ्यावर निघालेत. आत्ता नव्या केबली चढव, दार उघडू दे. पट्ट्यांचं सोमवारी बघू."

"स्प्रिंगा पिळल्यावर या पट्टीला हात लावता येत नाही. हात लावायची वेळ हीच."

"मग सोमवारी परत स्प्रिंगा सोड. तू काय पहिल्यांदा सोडतेयस?"

"ड्वेन, ही पट्टी सुटली तर ज्याच्या अंगावर येईल तो सोमवारपर्यंत थांबणार नाही."

ड्वेनचे कान लाल झाले. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याचा बंब कोंडलेला होता आणि प्रमुख म्हणून काही वाईट घडलं असतं तर बोट त्याच्याकडेच गेलं असतं. तो मार्लिसकडे वळला. त्याच्यामागे सगळे वळले.

"मार्लिस, तू सांग तिला. तू असतीस तर काय केलं असतंस?"

मार्लिसने बसल्या जागेवरून पट्टीकडे बघितलं. खूप गंजलेल्या पट्ट्या बघितल्या होत्या तिने. ही वाईट होती, पण सर्वांत वाईट नव्हती. तिने आयुष्यात कधी दाराच्या बाबतीत खोटं सांगितलं नव्हतं आणि आज सुनेसाठी सांगितलं असतं तर त्या सगळ्या खऱ्याचं काय झालं असतं?

"मी असते," ती म्हणाली, "तर सोमवारपर्यंत राहू दिली असती."

डेलियाचा चेहरा असा झाला की जणू कुणी दाराची फट पुन्हा उघडली.

"बघ!" ड्वेन म्हणाला.

"थांब, माझं संपलं नाही. मी असते तर. पण आज दार माझं नाही, तिचं आहे. शिडीवर ती चढलीय, कांब तिच्या हातात आहे. स्प्रिंग कधी पिळायची ते जी पिळते ती ठरवते. माझ्या वेळी मी ठरवायचे. तेव्हा तू व्हेइकोला विचारायला कबरस्तानात गेला होतास का?"

रूडीला कॉफीचा ठसका लागला.

डेलियाने पेचकस पुसून खिशात ठेवला. "पट्ट्या बदलल्याशिवाय मी पिळणार नाही. मार्लिस, शेडमध्ये कुठे आहेत ते तुम्हालाच माहीत. रूडी, तुमची गाडी काढा."

"अरे देवा," रूडी उठत म्हणाला, "सासूला पळवायला लागली की ही!"

गाडीत रूडी बराच वेळ गप्प होता. त्याच्यासाठी ही गोष्ट इतकी अवघड की मार्लिसलाच त्याची दया आली.

"विचार," ती म्हणाली.

"हात कधी बरा होणार?"

"बरा होईल. कांब धरणार नाही."

रूडीने वळण जरा जास्तच सावकाश घेतलं. "कधीच?"

"कधीच. आणि हे मी पहिल्यांदा तुला सांगतेय, म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल ते ओळख."

"आणि तिला तू सांगितलंस की तू पट्टी राहू दिली असतीस. सगळ्यांसमोर."

"खरं तेच सांगितलं."

"आणि पोरगी चुकीची निघाली तर? तासभर घालवून शेवटी काहीच नाही?"

"तर तू ड्युलुथला फोन लाव," मार्लिस म्हणाली. "आणि मला त्यातलं काही सांगू नकोस." मग थोड्या वेळाने, जणू खिडकीशी बोलत असल्यासारखी, ती म्हणाली, "पण मला विचारशील तर, मी बोलल्यावरही ती मागे हटली नाही ना? मी तिला पट्ट्या शिकवल्या, केबली शिकवल्या. हे नव्हतं शिकवलं. मला स्वतःलाच ते यायला फार वर्षं लागली."

पट्ट्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे सापडल्या. दोघं परत आले तेव्हा डेलियाने जुन्या पट्ट्या उतरवून ठेवल्या होत्या आणि दाराचा खालचा कोपरा घासून लख्ख केला होता. शिवाय मिठाची बादली तिने बाहेर नेऊन ठेवली होती आणि तिथे मिठाऐवजी उंबऱ्यावर टाकायला वाळूचं पोतं आणून टेकवलं होतं. त्याकडे बंबवाले सोयऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांसारखे बघत होते. हात कुठे घालावा ते कळेना.

पट्ट्या बसल्या. केबलींचे फास खुंट्यांत अडकले, केबली चाकांमागून वर गेल्या आणि दांड्याच्या टोकांवरच्या ड्रमवर चढल्या. डेलियाने दोन्ही बाजू सारख्या ताणल्या. तिला सुरातलं काही कळत नव्हतं. गाण्यात ती बेसूर म्हणूनच प्रसिद्ध होती. ती चिमटीत केबल धरून दाबायची, डावी, उजवी, पुन्हा डावी, डोळे मिटून, पोळीची कणीक बघावी तशी. मार्लिसने खुर्चीवरूनच कान दिला. डेलियाचं बोट लागून केबल हलकेच वाजली. दुसरी वाजली. सूर एकच होता.

मार्लिसने आणखी एक वळी उचलली. या वेळी बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मग खडूने स्प्रिंगांवर सरळ रेघ ओढून डेलियाने पिळायला सुरुवात केली. प्रत्येक वेढ्याला खडूची रेघ सापासारखी वळत गेली. शेवटचे वेढे जड होते; ती ओठ दाबून, अख्खं अंग कांबेवर टाकून ते घेत होती. कपाळावर घाम आला. टेक्सासच्या त्या बाईला फेब्रुवारीच्या लुओमात घाम आलेला बघून रूडीने टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

ती उतरली. पकडी काढल्या. मोटर न जोडता दोन्ही हातांनी दार उचललं. एवढं जड दार, पण ती ते खिडकीचा पडदा सारावा तसं वर घेऊन गेली, छातीपर्यंत, आणि सोडून दिलं.

दार जागच्या जागी थांबलं. वर गेलं नाही, खाली आलं नाही. हवेत, सरळ रेषेत, नुसतं थांबलं. दुरुस्त केलेल्या दाराची हीच परीक्षा असते, तिथे उभ्या सगळ्यांना ती ठाऊक होती.

ड्वेनने दार हाताने पुरतं वर ढकललं. "बंब बाहेर काढा," तो म्हणाला. बंब उन्हात जाऊन उभा राहिला, बर्फावर लालभडक. ड्वेनने हॅडलीला फोन लावला आणि सांगितलं की मासे धरा बिनघोर, लुओमाचं दार उघडलंय. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "नाही, ड्युलुथवाले नाही. आमच्याच डेलियाने."

रूडीला मात्र चैन पडेना. त्याने जुनी डावी पट्टी उचलली, बाहेर सिमेंटवर ठेवली आणि हातोड्याने हाणली. पापुद्रे उडाले, पट्टी तशीच. पुन्हा हाणली. तशीच. तिसऱ्यांदा असा हाणला की हातोड्याचा दांडाच हातात झिणझिणला.

"ए टेक्सासवाली!" तो ओरडला. "बघ! तुटत नाही! टिकली असती की!"

सगळ्यांनी डेलियाकडे पाहिलं. ती हत्यारं पुसत होती. तिने मान वर केली.

"टिकली असती," ती म्हणाली. "आज."

रूडीने हातोडा खाली ठेवला. ड्वेनने हसू दाबायचा प्रयत्न केला; जमला नाही. मार्लिसच्या छातीत काहीतरी इतकं फुगून आलं की तिला वाटलं, आता याचं काय करायचं? लुओमात कुणी कुणाची स्तुती तोंडावर करत नाही. ते चारचौघांत अंगरखा काढण्यासारखं समजतात. म्हणून तिने डाव्या हाताने कपात कॉफी ओतली, अर्धी टेबलावर सांडली, आणि तो कप सुनेपुढे ठेवला. साखर तीन चमचे. डेलिया तेवढीच घेते, हे बंबखान्यात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

"थंड होईल," मार्लिस म्हणाली. "घे."

सगळे टेबलाभोवती बसले. डेलियासाठी खुर्ची ओढली ती ड्वेनने. अक्रोडाच्या वळ्यांची ताटली फिरली. दाराचा विषय संपून माशांचा निघाला, माशांचा संपून बर्फाचा. मग रूडी खुर्चीत जरा पुढे सरकला.

"काय आहे," तो म्हणाला, "माझ्या घरचं दारही हल्ली कुरकुरतंय. डाव्या बाजूने. म्हटलं, विचारावं. उद्या येऊन जाशील?"

बोलताना तो मार्लिसकडे बघत नव्हता. डेलियाकडे बघत होता.

डेलियाने कॉफीचा घोट घेतला. "उद्या नाही जमणार. मंगळवारनंतर."

मार्लिसचा हात ताटलीवरच थांबला. इतक्या वर्षांत तिने या माणसांपैकी कुणालाही कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. बाईमाणूस, त्यात नवखी. एकदा नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यांदा कुणी विचारलं नसतं, या धाकाने ती कर्टच्या वाढदिवसाचा केक अर्धा कापलेला सोडून धावली होती, ताप अंगात घेऊन शिड्या चढली होती. आणि ही पोरगी तीन चमचे साखरेची कॉफी पीत रूडी झुपानचिचला सांगत होती, मंगळवारनंतर.

रूडीलाही ते पचलं नसावं. त्याने आशेने मार्लिसकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मार्लिस म्हणाली. "कान आहेत ना?"

रूडीने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. मग तो डेलियाकडे वळला आणि चक्क नरमाईने म्हणाला, "चालेल. सकाळी येशील की दुपारी?"